तीस माणसांची लाईन

१

मनकर्णामावशीची तूर चोरीला गेली, आणि शेतातला एक दाणाही जागचा हलला नव्हता.

फोन आला तेव्हा आम्ही शेलूबाजारात दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो होतो. आम्ही म्हणजे पंप आणि पाइप विकणारा मी जगदेव, आणि माझी बायको वैजयंती. वैजयंती टेलिफोन खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाली. या भागातल्या कितीतरी खेड्यांत पहिली घंटी वाजली ती हिच्यामुळे, हे मी गिऱ्हाइकाला पाइप मोजून देता देता सांगत असतो. तिच्या कानावर गेलं की ती रागावते. मी काही सांगायचं सोडत नाही. बायकोचं कौतुक करायला लाजणारे नवरे मला मुळीच आवडत नाहीत.

"वैजू, माही तूर नेली वं कोणी," फोनवर मेडशी गावाहून वैजयंतीची मावशी म्हणाली.

"किती पोते?" मी मध्येच विचारलं.

"पोते नाई रे बाबा. तिचा पुरावा नेला."

ही तूर म्हणजे साधंसुधं बियाणं नव्हे. मर रोगानं सगळ्या मेडशीची तूर उभ्याउभ्या वाळली, त्या साली मावशीच्या बांधावरची मोजकी झाडं हिरवी राहिली. मावशीनं त्यांचंच बी धरलं, पुढच्या साली पुन्हा त्यातलं निवडलं, आणि असं करत करत एक वाण उभा केला. आता गावाच्या शेतकरी मंडळानं तो मावशीच्या नावावर नोंदवायचं ठरवलं होतं. पेरणीपासून खळ्यापर्यंत दर हंगामाचं चित्रीकरण मंडळाच्या कॉम्प्युटरवर एका फाईलीत होतं. दुसरी प्रत काढू, काढू म्हणता राहून गेली होती, आणि आज दुपारी ती फाईल गायब झाली. ती आधी एखाद्या बियाणे कंपनीच्या हाती पडली, तर मावशीची तूर उद्या दुसऱ्याच्याच नावानं थैलीत बंद होऊन मावशीलाच विकायला येणार होती.

"अन् गाव म्हणते, मंजूनं पाठोली," मावशी म्हणाली. "सांज झाली का तिले ठाण्यात नेतो म्हणतेत. पोरगी तसली नाई वं. तू ये."

मंजू ही मंडळाची कॉम्प्युटर चालवणारी मुलगी, मेडशीच्या वरच्या अंगाच्या तांड्यातली. तांड्यातून खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच.

वैजयंती उठली. मी ताट वाढून घेणार होतो, तर म्हणाली, "राहू द्या. आज तठी दौलतरावाच्या वावरात रोडग्यांची पंगत आहे. तिथंच जेवा."

पुढे त्या दिवशी जे घडलं, त्यात माझ्या उपाशी पोटाचाही वाटा आहे. वैजयंती हे मान्य करते, म्हणून लिहितो.

२

मंडळाचं ऑफिस जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत आहे. जीपमधून उतरल्यावर वैजयंतीनं आधी माणसांकडे पाहिलं नाही. भिंतीतून आत गेलेल्या केबलवर हात ठेवला.

"ही लाईन मी टाकली," ती म्हणाली. "पाऊस, चिखल, अन् खांबावर चढाले माणूस नाई. अजून चालून राह्यली." तिचा चेहरा असा झाला की मीच इकडेतिकडे पाहून घेतलं, कोणी बघतंय ना म्हणून.

मेडशीचा तो भाग खोलगटात आहे. तांडा त्याहून आडवळणाला. मोबाइलला रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. म्हणून मंडळानं ही जुनी लाईन आपल्या ऑफिसला जोडून घेतलेली.

ओसरीवर हरीओम बसला होता. हा मंडळाचा सचिव. शेतकी पदवी घेतलेला, कपडे परीटघडीचे, नोंदणीचे सगळे कागद यानंच लिहिलेले. मांडीवर स्टीलचा डबा होता आणि त्यातून रोडग्यांचा वास येत होता. ज्यानं रोडगा खाल्ला नाही त्याच्यासाठी सांगतो: कणकेचे पदरावर पदर देऊन गोळा करायचा, गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, राख झटकून मुठीनं फोडायचा आणि वर तुपाची धार. सोबत वांग्याची भाजी. हे जेवण घरात होत नाही, ते वावरातच होतं आणि सगळ्या गावानं मिळून होतं.

"पंगत उठली का?" मी विचारलं.

"दुसरीही उठली जी."

"मंग त्या डब्यातला एक दे बाप्पा. सकायपासून उपाशी आहो."

हरीओमनं डबा छातीशी धरला. "हे बहिणीसाठी आहेत जी. वाशिमले जाचं आहे आज, शेवटच्या गाडीनं. मोजून घेतलेत."

मला राग आला. पण परगावच्या माणसानं काय बोलायचं? मी मनातल्या मनात त्या बहिणीला नावं ठेवली.

वैजयंतीनं विचारलं, "काय झालं थे सांगा, हरीओमभाऊ. पयल्यापासून."

हरीओम सांगायला लागला. सकाळी मंजूनं मावशीला फाईल उघडून दाखवली, तेव्हा ती जागेवर होती. याला मावशी स्वतः साक्षीदार. मग पहिली पंगत बसली. सगळे वावरात गेले, ऑफिसात मंजू एकटी राहिली. पहिली पंगत तासभर चालली. हरीओम जेवून परत आला आणि मंजूला म्हणाला, जा, दुसरी पंगत बसून राह्यली, तूही जेवून घे.

"थे गेली तशी लगबगीनं. मी खुर्चीत बसलो अन् पाह्यतो तं काय, पडद्यावर लिहून आलेलं, पाठवणी पूर्ण. वाचून होयेपर्यंत पडदा मिटला. फाईल पुसलेली."

"सारी गेली असंच होतं लिहिलेलं? निम्मीशिम्मी नाई?"

"सारी जी. माह्या डोयानं पाह्यलं. अन् नुसतं पाह्यलं नाई, हिशोब करून पाह्यला." हरीओमच्या आवाजात आता शिकलेल्या माणसाची ऐट आली. "फाईल सात हजार दोनशे एमबीची. लाईन आपली दोनची. सेकंदाले दोन गेले, तं मिनटाले एकशेवीस, तासाले सात हजार दोनशे. पंगत तासाची. काटा बरोबर जुळते. अन् लाईनचा आलेख पाहा, त्या तासात लाईन काठोकाठ भरलेली. मी आलो तवापासून सपाट. आता तुमीच सांगा, कोणाच्या हातानं गेली?"

हिशोब इतका चोख होता की मला तर पटलाच. मी वैजयंतीकडे पाहिलं. तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

"चांगला हिशोब केला तुमी," ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली. ती चष्मा पुसते तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं, एवढं मी शिकलो आहे.

३

मंजू आतल्या खोलीत बसली होती. दाराशी दोन माणसं, जणू ती पळून जाणार होती. भिंतीवर हरीओमच्या वळणदार अक्षरात पाटी होती: लाईन फक्त मंडळाच्या कामासाठी. खासगी वापर आढळल्यास लाईन बंद करण्यात येईल.

"मी फाईल पाठोली नाई, मॅडम," मंजू म्हणाली. रडली नव्हती. मान ताठ होती. "मी जेवाले गेली तवा फाईल होती."

"पंगतीच्या वेळी लाईन भरलेली होती. हे खरं?"

"खरं."

"कायनं भरली?"

मंजूनं खाली पाहिलं.

"पोरी, तुले ठाण्यात नेणार आहेत," मी म्हटलं. "काय असन थे सांगून टाक ना."

"माहं गेलं तं जाऊ द्या, काका," ती म्हणाली. "बाकीच्यांचं बंद होऊ नोको."

 मला वाटलं, झालं, पोरीनंच केलंय आणि कोणाला तरी पाठीशी घालते आहे. बाहेर आल्यावर मी तसं बोललोही. वैजयंतीनं मला कोपरखळी मारली आणि अंगणाच्या कडेला बोट केलं.

तिथं बाभळीच्या सावलीत तांड्यातल्या पाचसहा बायका उकिडव्या बसल्या होत्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. कोणी हाकललं तरी त्या उठणार नाहीत असं दिसत होतं. सगळ्यांत पुढे सोनीबाई, हातात जुना मोबाइल घट्ट धरलेला.

"ह्या कायले आल्या असतीन?" वैजयंतीनं विचारलं.

"मंजूसाठी."

"मंजूसाठी आल्या, तं तिच्याजवळ जाऊन काहून बसत नाई? लांबून काय पाहून राह्यल्या?"

 तेवढ्यात दौलतराव आले, तेही ओरडत.

४

दौलतराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, गावातले मोठे जमीनदार, आजच्या पंगतीचे यजमान. त्यांचा पुतण्या एका बियाणे कंपनीत नोकरीला आहे, हे आम्ही ओसरीवर चढण्याआधीच मावशीनं आमच्या कानात सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट सांगितली होती. पहिली पंगत जेवत असताना दौलतराव वाढायचं सोडून कुठेतरी निघून गेले आणि बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन परतले.

यजमानानं भरली पंगत सोडून जायचं म्हणजे आमच्या वऱ्हाडात नवरदेवानं मांडव सोडण्यातला प्रकार. माझा संशय आता सरळ त्यांच्यावर गेला.

"पोरीले ठाण्यात घाला अन् मोकये व्हा!" दौलतराव गरजले. "गावाची अब्रू गेली!"

"पंगत सोडून कुठी गेल्ते तुमी?" वैजयंतीनं शांतपणे विचारलं.

दौलतरावांचा आवाज एकदम बसला. मिशीवरून हात फिरला. "कामाले."

"पुतण्याले भेटाले?"

"मी? मनकर्णाचं बी मी विकीन? बाई, तोंड सांभाळून बोला! माह्या बापाच्या वावरात पयल्यांदा पेरलं होतं थे बी!" डोळे लाल झाले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, वैजयंतीच्या जवळ सरकले आणि इतक्या हळू बोलले की मलाही कान लांब करावा लागला. "तूप सरलं होतं."

"काय?"

"तूप! पंगत अर्धी जेवली अन् तूप सरलं. दौलतरावाच्या रोडग्यावर तूप नाई, हे गावात झालं तं मी तोंड कुठी दाखवू? तांड्यात गेलो, मोहनसिंगच्या घरी. त्याच्या गाई आहेत. घागर उसनी आणली. कोणाले सांगू नोका."

मी हसू दाबलं. वैजयंती मात्र हसली नाही.

"तांड्यात कोण कोण दिसलं?"

"कोणी नाई. एकटा मोहनसिंग. बाई एकही नव्हती. मले वाटलं पंगतीले गेल्या असतीन. पण पंगतीत पाह्यलं तं तठीही नाई. दुसऱ्या पंगतीले आल्या साऱ्या."

वैजयंतीनं पुन्हा बाभळीखाली पाहिलं. मग ती ऑफिसात गेली, मंजूच्या खुर्चीत बसली आणि पडद्यावर त्या तासाचा आलेख उघडला. मी खांद्यावरून पाहिलं. दोन रेघा होत्या, एक निळी, एक हिरवी. त्या तासात दोन्ही वरच्या काठाला टेकलेल्या.

"निळी म्हंजे इथून जाणारं," ती म्हणाली. "हिरवी म्हंजे इथं येणारं."

"मंग?"

"मंग काय? दोन्ही भरलेल्या आहेत. सुटला गुंता." ती उठली. "मावशीले म्हणा, घरची पायली अन् अच्छेर घेऊन ये. अन् टोपलंभर तूर. गावाले अंगणात बोलवा. अन् तुमी दारात उभे राहा. वाशिमची गाडी येऊन राह्यली असन. कोणाले जाऊ देऊ नोका."

"कोणाले म्हंजे कोणाले?"

"कोणालेच," ती म्हणाली, आणि पदर खोचला.

५

अंगण भरलं. मावशीनं धान्य मोजायची लोखंडी पायली आणि अच्छेराचं, म्हणजे अर्ध्या शेराचं, लहान माप आणलं. सत्तरी ओलांडली तरी मावशी टोपलं स्वतःच उचलते, कोणाला हात लावू देत नाही. मंजूला बाहेर आणून उभं केलं. हरीओम डबा घेऊन फाटकाजवळ होता, नजर सारखी रस्त्यावर.

"हरीओमभाऊनं मले एक हिशोब सांगतला," वैजयंतीनं सुरुवात केली. "लाईन दोनची, सेकंदाले दोन, तासाले सात हजार दोनशे. फाईलही तितकीच. खरं का नाई, हरीओमभाऊ?"

"खरं जी."

"मावशी, पायली भर. अच्छेरानं भर. बाकीचे मोजा."

मावशीनं अच्छेर भरभरून तूर पायलीत ओतायला सुरुवात केली. गाव मोजू लागलं. एक, दोन, तीन. आठव्याला पायली काठोकाठ भरली आणि दोन दाणे खाली पडले. मावशीनं ते उचलून पदरात टाकले.

"आठ अच्छेरांची पायली," वैजयंती म्हणाली. "हे तुमाले मी काय सांगू? तुमाले पाठ आहे. आता ऐका. फाईल मोजतेत थे पायलीनं. लाईन मोजतेत थे अच्छेरानं. साऱ्या जगात अशीच रीत आहे. ह्या लाईनीतून सेकंदाले दोन अच्छेर जातेत, दोन पायल्या नाई. हरीओमभाऊनं दोन्ही मापं एकच धरली. लाईन तासभर काठोकाठ भरून वाह्यली, तरी त्या फाईलीचा आठवा हिस्सा गेला असता. सात हिस्से इथंच राह्यले असते."

कोणीतरी "हौ ना!" म्हणालं. दौलतराव बोटांवर काहीतरी मोजत होते.

हरीओम हसला. "असन जी. माही चूक झाली हिशोबात. शेतकीचा माणूस मी."

"हिशोबात चूक होते माणसाची," वैजयंती म्हणाली. "पण तुमी तं नुसता हिशोब नाई सांगतला. तुमी म्हटलं, पडद्यावर सारी गेल्याचं लिहिलेलं आपल्या डोयानं पाह्यलं. मी खोदून विचारलं, निम्मीशिम्मी नाई ना? तुमी म्हटलं, सारी. जे होऊच शकत नाई, थे तुमी कसं पाह्यलं?"



"मंग लाईन कायनं भरली?" हरीओमचा आवाज चढला. "थे सांगा ना! आलेख खोटं बोलते का?"

"आलेख खरंच बोलते. दोन रेघा आहेत त्याच्यात. फाईल पाठोली असती, तं जाणारी रेघ भरली असती, येणारी खाली राह्यली असती. चोरीचा माल एकाच बाजूनं जाते. पण ह्या तासात जितकं गेलं तितकंच आलं. दोन्हीकडून सारखं काय होते? बोलणं होते." तिनं केबलकडे हात केला. "ही लाईन मी टाकली, तवा खात्यात आमी तिले दोनची म्हणतच नव्हतो. तीस माणसांची लाईन म्हणत होतो. बत्तीस सीटची एसटी समजा. एका सीटवर एका माणसाचं बोलणं बसते. ड्रायव्हर, कंडक्टरच्या दोन सीटा सोडल्या तं तीस जण एका वेळी बोलतेत. अशा बत्तीस सीटा मिळून होतेत थे दोन. अन् बोलता बोलता चेहराही पाहाचा म्हटलं, तं एकेकाले चारपाच सीटा लागतेत. पाचसहा जणी आपापला फोन घेऊन बसल्या, का गाडी भरली."

ती बाभळीकडे वळली. "सोनीबाई, तुमी किती जणी होत्या?"

मंजू एकदम पुढे झाली. "मॅडम, नोको..."

पण सोनीबाई उठली होती. लुगड्याचा पदर डोक्यावर नीट केला आणि अंगणाच्या मध्यभागी आली.

"सहा जणी होतो," ती म्हणाली. "माहा पोरगा अन् सून ऊसतोडीले गेले. तठी फडावर सुनेले पोरगा झाला. आमच्या तांड्यात फोन लागत नाई. मी नातवाचं तोंड पाह्यलं नव्हतं. आज सारं गाव पंगतीले गेलं, अंगण रिकामं होतं, तं मंजूनं आमाले बोलावलं, आमचे फोन ह्या लाईनीले जोडून देले. मी नातू पाह्यला. हिनं तिचा माणूस पाह्यला. हिनं पोरी पाह्यल्या. त्या पाटीवर लिहून आहे म्हणते, असं केलं तं लाईन बंद. करा बंद. पण पोरीले चोर म्हणसान, तं आमी साऱ्या ठाण्यात जाऊ तिच्यासंगं."

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. असं एकही ऐकलं नाही. माझ्या शेजारचे दौलतराव नाक शिंकरत होते.

तेवढ्यात वाशिमच्या गाडीचा हॉर्न वाजला.

६

हरीओम फाटकाकडे सरकला. मी आडवा उभा राहिलो. माझं वजन पंपाच्या दुकानदाराला शोभेल असं आहे.

"जाऊ द्या जी. बहीण वाट पाहून राह्यली."

"जासान ना," वैजयंती म्हणाली. "एकच राह्यलं. फाईल तारेनं गेली नाई. मंग थे कुठी आहे? इथंच आहे. कोणीतरी थे दुसऱ्या पंगतीच्या वेळी लहानशा पेनड्राइव्हात काढून घेतली अन् कॉम्प्युटरातली पुसली. पण मंग सारं गाव झडती घेईन, थैल्या उघडीन. झडती होऊ नोको यासाठी काय करा लागते? साऱ्यांले पटवा लागते का माल तं कवाच तारेतून दूर गेला. आता शोधून काय फायदा? आलेख भरलेला दिसला अन् चोराले वाटलं, देवच पावला. दुसऱ्या पंगतीच्या वेळी इथं एकटं कोण होतं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. हरीओमनं खांद्यावरची पिशवी काढून जमिनीवर उलटी केली. सदरा, टॉवेल, ब्रश. खिसेही उलटे केले.

"पाहा! पाहा काय पाहाचं थे!"

काहीच नव्हतं. अंगणात चुळबुळ सुरू झाली.  भर गावात माझ्या बायकोचा शब्द खाली पडतो की काय?

वैजयंती माझ्याकडे वळली. "तुमी दुपारी हरीओमभाऊले काय मागतलं होतं?"

"रोडगा," मी म्हटलं. सगळे हसले.

"दिला?"

"नाई दिला! मोजून घेतले म्हणे!"

 दौलतराव पुढे आले. "माह्या पंगतीतले रोडगे मोजून?" त्यांचा विश्वास बसेना. "पाहुणा उपाशी अन् तू मागितलेला रोडगा दिला नाई?"

"सारा डबा पाहुण्यापुढे ठेवाची आपली रीत," वैजयंती म्हणाली. "थे हरीओमभाऊले ठाऊक नाई असं नाई. पण कोणता रोडगा पाहुण्याच्या हाती लागन, ह्याचा भरवसा नव्हता."

मावशीनं डबा ओढून घेतला. ओट्यावर बसली, एक रोडगा घेतला आणि मुठीनं फोडला. वाफ केव्हाच गेलेली. काही नाही. दुसरा फोडला. काही नाही. तिसरा फोडला, आणि पदरांच्या मधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, बोटाच्या पेराएवढा पेनड्राइव्ह मावशीच्या तळहातावर पडला.

हरीओम खाली बसला. "सारे कागद मी लिहिले," तो म्हणाला. "सारं इंग्रजी मी केलं. अन् नाव बुढीचं. कंपनीवाला साहेबाची खुर्ची देतो म्हणे."

"कागद तुवा लिहिले," मावशी म्हणाली. "तूर मी राखली. तुले खुर्ची पाह्यजे होती तं मले सांगतलं असतं, मी माह्या घरची देली असती." मग ती त्याच्याकडे पुन्हा पाहायला तयार नव्हती. दौलतरावांनी त्याला स्वतःच्या गाडीत बसवलं. ठाण्यात जायचंच होतं, फक्त माणूस बदलला.

मावशीनं पेनड्राइव्ह मंजूच्या हातात ठेवला. "आताच पाठव नोंदणीच्या हापिसात. पुन्हा कोणाच्या खिशात जाऊ नोको."

"तासाचे आठ तास लागतीन, मावशी," वैजयंती म्हणाली. "मधात लाईन तुटली तं पुन्हा पयल्यापासून."

"लागू दे. इतके हंगाम जागल केली, एक रात लाईनची करतो." तिनं आतल्या खोलीतली ती पाटी भिंतीवरून उतरवून आणली आणि गाडीशी उभ्या दौलतरावांकडे पाहिलं. अध्यक्ष काय बोलणार? घागरीतलं उसनं तूप अजून त्यांच्या पोटात होतं. "अन् दर बाजारच्या दिवशी," मावशी म्हणाली, "लाईन तांड्याची. तीस सीटा आहेत तं रिकाम्या कायले धावाच्या?"

मला त्या फुटक्या रोडग्यांवर तूप मिळालं. मी तिन्ही खाल्ले. पुरावा म्हणून एकही ठेवला नाही, आणि त्याबद्दल वैजयंती अजून बोलते.

मावशीच्या घरी झोपून सकाळी आम्ही ऑफिसात गेलो, तर अंगणात निम्मं गाव आणि सगळा तांडा. आत मावशी खुर्चीशेजारी घोंगडी पांघरून बसलेली, डोळे टक्क उघडे. मंजू पडद्यासमोर. वैजयंतीनं आलेख पाहिला. निळी रेघ रात्रभर काठाला टेकलेली, हिरवी खाली पडून. तिनं मला खूण केली. हे पाहा, फाईल जाते तेव्हा असं दिसतं.

मग मंजू एकदम ताठ झाली.

"आजी," ती म्हणाली. "लिहून आलं."

"काय लिहून आलं? मले वाचता येत नाई. वाच."

"पाठवणी पूर्ण."

"कोणी पाठोली?"

"मी."

मावशी घोंगडी सावरत उठली आणि तिनं ऑफिसचं दार सताड उघडलं. बाहेर सगळे उभे होते, सोनीबाई सगळ्यांत पुढे.

"मोठ्यानं सांग," मावशी म्हणाली. "काल ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्या साऱ्यांले ऐकू दे."

मंजू दारात येऊन उभी राहिली.

"मी पाठोली," ती म्हणाली. "मनकर्णाआजीची तूर. मी पाठोली."